माझ्या दहाव्याचं शूटिंग

मी नाइट क्लबमध्ये गायचे म्हटलं की लोकांचे डोळे आधी मोठे होतात, मग बारीक होतात. होऊ द्यात. मी खरंच नाइट क्लबमध्ये गायचे, आणि सकाळी गायचे. सात वाजून गेले की माझी रात्र सुरू व्हायची. यात माझा काही दोष नव्हता, दोष कंपन्यांच्या शिफ्टांचा होता.

आमचं हॉटेल हायवेला होतं, रांजणगाव सोडून शिरूरकडे निघालं की डाव्या हाताला. मालक एकदा मित्रांबरोबर गोव्याला जाऊन आला आणि येताना डोक्यात एक पाटी घेऊन आला. साध्या परमिट रूमवर त्यानं लाल-निळ्या दिव्यांची ‘नाइट क्लब’ अशी पाटी चढवली. एक कीबोर्डवाला आणला, एक ढोलकीवाला आणला, आणि ऑर्केस्ट्रात गाणारी मी. पण रात्री तिथं कुत्रं फिरकेना. दुसऱ्या शिफ्टची माणसं कंपनीच्या बसमध्ये बसली की थेट घरी. मोकळी असायची ती तिसऱ्या शिफ्टची पोरं, आणि ती सुटायची सकाळी. मग मालकानं डोकं चालवलं. मंडपवाल्याकडून जाड काळे पडदे शिवून घेतले, खिडक्या बुजवल्या, रंगीत दिवे लावले आणि सकाळचीच रात्र केली. दारूचा काउंटर नियमाच्या वेळेला उघडायचा, तोवर पोरं मिसळ खायची. समोर मिसळीच्या कटाचा वास घमघमत असताना धुंद रात्रीची गाणी म्हणून बघा एकदा, मग माझ्या नावानं बोटं मोडा.

बरं, ऐकणारी कोण? रात्रभर मशीनवर उभी राहिलेली पोरं. पहिल्या गाण्याला डोलायची, दुसऱ्याला टेबलावर डोकं टेकायची, तिसऱ्याला घोरायची. बिहारकडची पोरं जागी असली तर म्हणायची, “दीदी, कुछ गाँव का सुनाइए ना.” मी गावाकडचं काही काढलं की तीपण झोपायची. मालक काउंटरवरून हात हलवून खुणा करायचा, जोरात गा, उठव त्यांना. मी कशाला उठवू? कुणाच्या तरी आईची लेकरं होती, दमलेली. तेवढ्यात दूधवाला कॅन घेऊन दार उघडायचा आणि ऊन सरळ स्टेजवर यायचं. अंगावर चमकीची साडी, ओठांना भडक लाली, आणि बाहेर शाळेत चाललेली पोरं माझ्याकडं बघतायत. मी माइकवरूनच ओरडायचे, “अरे दार लाव, मेल्या!” हे माझं रोजचं ठरलेलं कडवं होतं.

माझं माहेर राहू. तिथं घर दादाचं. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ, ऊस आणि म्हशी सांभाळणारा, कमी बोलणारा, आणि मिशीवर भारी जीव असलेला. मी ऑर्केस्ट्रात गात होते तोवर त्यानं काही म्हटलं नाही. नवऱ्यानं मला सोडलं तेव्हाही एका शब्दानं बोलला नाही. पण कुणीतरी त्याच्या कानात ‘नाइट क्लब’ एवढंच घातलं आणि तो शिरूरला माझ्या खोलीवर आला. दारातच उभा राहिला, पाणीसुद्धा घेतलं नाही.

“रातच्याला गातीस म्हनं?”

“दादा, आईशपथ, मी रात्री कधीच गात नाही. मी सकाळी गाते.”

त्यानं जरा विचार केला. “त्ये तर आनखीच वाईट,” म्हणाला, आणि जाताना माझ्या दारात उभा राहून त्याच्या दाराची बंदी घालून गेला. पुन्हा राहूच्या घरात पाय ठेवायचा नाही. मला त्याचा इतका राग आला, इतका राग आला, की त्याच्यासाठी टाकलेला चहा मी उभ्याउभ्या सगळा पिऊन टाकला.

राग आपल्या जागी. पण मला घरी जायचं होतं. सरळ सांगते, मला दुसरं काही नको होतं. दिवाळी आली की खोलीत बसवायची नाही. पुढं आई गेली, तेव्हा तर मी नदीच्या घाटावर बायकांच्या मागं, परक्यासारखी उभी राहिले. दहाव्याला पिंड ठेवला आणि कावळा काही शिवेना. आमच्याकडं अशा वेळी घरचे लोक कावळ्याला मोठ्यानं शब्द देतात. गेलेल्या माणसाची काय इच्छा राहिलीय, ती ओळखायची, पुरी करतो म्हणायचं, मग कावळा शिवतो. दादा म्हणाला, म्हशी विकणार नाही. कावळा नाही. म्हणाला, देवीला जाऊन येईन. कावळा नाही. सगळ्या भावकीला ठाऊक होतं, आईची इच्छा काय राहिलीय ती. ती इच्छा बायकांच्या मागं तोंडाला पदर लावून उभी होती. दादानं माझ्याकडं एकदा बघितलं, खाली बघितलं आणि बोलला नाही. शेवटी दर्भाचा कावळा करून शिववला. गवताचा कावळा! आईला तेवढ्यावर भागवावं लागलं.

आता माझ्या ॲक्टिंगचं सांगते, म्हणजे पुढचं कळेल. दौंडला लग्नाचं शूटिंग करणारा एक जण होता. सीडीचे दिवस आले तसा तो एकदम डायरेक्टर झाला. गावाकडचे पिक्चर काढायचा, सीड्या बाजारात आणि एसटी स्टँडवर खपायच्या. त्याला बाई हवी होती मरायला. हिरोची आई मरते, हिरोची पहिली बायको मरते, सरपंचाची बहीण मरते. चांगल्या नट्या मरायला तयार नव्हत्या. मी तयार होते, आणि मला ते फार छान यायचं. गाण्यामुळं दम टिकायचा. कॅमेरा पायापासून डोक्यापर्यंत सावकाश फिरला तरी माझी छाती हलायची नाही. डायरेक्टर म्हणायचा, “ताई, जिवंत असताना तुम्ही जरा लाकडी वाटता, पण मेल्यावर तोड नाही तुम्हाला.” काही पिक्चरांत तर मी पहिल्यापासूनच मेलेली होते, नुसता भिंतीवर फोटो.

मी सांगतेय त्या पिक्चरात मात्र मला बढती मिळाली होती. मी मरणार आणि नंतर भूत होऊन स्वतःचाच दहावा बघणार. जागा ठरली इनामगाव, घोड नदीचा काठ. तिथल्या पांढरीच्या, म्हणजे जुन्या वस्तीच्या टेकाडात फार जुनी माणसं पुरलेली सापडली होती, म्हणून डायरेक्टरचं म्हणणं, वातावरण आपोआप येईल. अडचण एकच होती, गर्दी. दहाव्याला शे-दोनशे माणूस पाहिजे, आणि एवढी माणसं आणायची कुठून? तर त्या शहाण्यानं मला न विचारता दौंडच्या चौकात एक फ्लेक्स लावला. ‘भावपूर्ण श्रद्धांजली’. वर ऑर्केस्ट्राच्या जाहिरातीतला माझा हसरा फोटो, हातात माइक. खाली दशक्रिया विधी अमुक दिवशी, इनामगाव, प्रवचन होईल. आणि नाव? पिक्चरमधलं नाही, माझं. का, तर खऱ्या नावाला लोक येतात.

मला हे त्या दिवशी सकाळीच कळलं, तेही डायरेक्टर दुसऱ्याच कारणानं आरडाओरडा करत होता म्हणून. “चौकातला फ्लेक्स चोरला कुणीतरी! मेलेल्या बाईचा फ्लेक्स चोरतात, काय माणसं आहेत!” मी विचारलं, कुठल्या बाईचा? तेव्हा त्यानं सांगितलं. मी त्याला अशा शिव्या दिल्या की मेकअपवाल्याच्या हातातून पावडरीचा डबा पडला. पण तोवर माणसं यायला लागली होती, पांढरे कपडे, पांढऱ्या टोप्या, जीपा, मोटारसायकली. डायरेक्टर हात जोडून म्हणाला, “ताई, गर्दी बघा तुमची! एवढी तर जित्या माणसालाही जमत नाही.” आणि मला पांढरी साडी नेसवून, तोंडाला पावडर थापून बाभळीखाली उभं केलं. हलायचं नाही, कॅमेरा चालू आहे.

मग मी माझा दहावा बघितला. असा योग कुणाला येत नाही, म्हणून नीट सांगते.

प्रवचनाला महाराज खरे होते, कारण नटापेक्षा त्यांना बोलावणं सोपं. त्यांना शूटिंगचं सांगितलंच नव्हतं, कॅमेरा काय हल्ली सगळ्याच कार्यांना असतो. तालुक्यातले एक पुढारी कुणी न बोलावता आले आणि माइक हातात घेऊन म्हणाले, “सामाजिक, सांस्कृतिक आणि औद्योगिक क्षेत्रातलं त्यांचं योगदान विसरता येणार नाही.” औद्योगिक! तिसऱ्या शिफ्टची पोरं कंपनीच्या कपड्यांत तशीच बसमधून आली होती, त्यांनी माना डोलावल्या. आदल्या सकाळी याच पोरांनी माझं गाणं ऐकलं होतं, म्हणजे घोरत घोरत. नंतर एकाला मी विचारलं, “अरे, काल तर मी गात होते की!” तर म्हणतो, “दीदी, हमको लगा उसके बाद हुआ होगा.” मालकाला तर मी जिवंत असल्याचं पक्कं ठाऊक होतं. तोही मोठा हार घेऊन आला होता, कारण गिऱ्हाइकं आली म्हटल्यावर आपण दिसायला पाहिजे.

एका कडेला न्हावी बसवला होता, पिक्चरमधल्या मुलाचं डोकं भादरायला. पण समोर येऊन बसेल त्याची तो करत सुटला. मला तिथं एक ओळखीची पाठ दिसली. रुंद, जरा उजवीकडं कललेली. पाठ उठून वळली. दादा होता. डोक्यावर केस नाहीत आणि ओठावर मिशी नाही. मिशी गेलेला दादा मी जन्मात बघितला नव्हता. त्याचा वरचा ओठ इतका पांढरा आणि केविलवाणा दिसत होता की मला हसू आलं, आणि हसताहसता रडू आलं, आणि हलायचं नव्हतं. माझा दम तेवढा टिकला, त्याचं मला आजही आश्चर्य वाटतं.

पिंड ठेवला. माणसं मागं सरली. कावळे समोरच्या लिंबावर बसले होते, चांगले पाच-सहा, पण एक खाली उतरेल तर शपथ. पिक्चरमधल्या मुलानं पाठ केलेलं म्हटलं, “आई, मी धाकट्याला शिकवीन.” कावळा नाही. डायरेक्टर कॅमेऱ्यामागून दबक्या आवाजात ओरडला, “अरे, कावळ्याचं बघा की कुणीतरी!” पण लोकांना आता शूटिंगचं काय पडलं होतं? कावळा शिवत नाही म्हटल्यावर माणसं गप्प बसतच नाहीत. मालक पुढं झाला, “बाई, तुमचा माइक दुसऱ्या कुणाला देणार नाही.” कावळा नाही. पुढारी म्हणाले, “तुमच्या नावानं सांस्कृतिक भवन बांधू.” होते त्यातले दोन कावळे उडून गेले. कंपनीच्या एका पोरानं दारू सोडतो म्हटलं, तर उरलेल्यांनीही पाठ फिरवली.

मग दादा पुढं आला. टोपी काढून हातात धरलेली, तिचा पार चोळामोळा केलेला.

“म्या आईच्या येळंला बोललो न्हाई,” तो म्हणाला. मोठ्यानं नाही, पण सगळी माणसं गप्प होती. “तवा बोलाया पायजे हुतं. आता बोलतो. घरी ये. दिवाळीला म्या सोता न्यायला येतो. कुनाला काय म्हनायचं त्ये म्हनूदे.”

आणि कावळा आला. लिंबावरनं सरळ खाली उतरला, पिंडाला चोच लावली, भात घेतला आणि गेला. बायकांनी डोळ्यांना पदर लावले. महाराज म्हणाले, “शिवला! शिवला!” आणि भूत बाभळीखालून धावत निघालं.

मी काय करणार होते, मला राहवलंच नाही. “दादा!” म्हणत मी पांढऱ्या साडीत, पावडरीवरून काजळाचे ओघळ घेऊन त्याच्या अंगावरच गेले. निम्मे लोक नदीत पळाले. पुढारी जीपमध्ये बसले आणि काचा वर केल्या. दादा मात्र हलला नाही. त्यानं माझा हात दाबून बघितला, एकदा, दोनदा, म्हशीची कास बघावी तसा. मग त्याचा हात आपोआप स्वतःच्या ओठावर गेला, जिथं मिशी असायची.

“जित्ती हायस?”

“जित्तीच आहे रे दादा! हे शूटिंग आहे, पिक्चरचं.”

तेवढ्यात डायरेक्टर धावत आला. त्याला वाटलं होतं दादा कुणीतरी नाटकवाला आहे. “काका, झकास! पण कॅमेरा तेव्हा कावळ्यावर होता. जरा तेच पुन्हा एकदा म्हणता का, इकडं तोंड करून?” दादानं त्याची कॉलर धरली ती चौघांनी सोडवली.

आणि मग दादा माझ्याकडं वळला. “म्या मेलेलीला शबुद दिलाय. जित्तीला न्हाई.”

मला वाटलं होतं, झालं, मिटलं, सुटले मी. आणि हा माणूस नियम काढतो! माझं डोकंच फिरलं. “मग मरू का आता? तुझ्या घरी यायला मरावं लागतं का रे मला? दे ढकलून नदीत, आणि मग ने!”

लोकांना हे फार आवडलं. पळालेले परत आले. भावकीतले दोघे म्हणाले, शब्द तो शब्द. दुसरे म्हणाले, मयत नाही तर शब्द कसला? शेवटी सगळे महाराजांकडं वळले. महाराज आधीच चिडलेले, फसवून आणलं म्हणून. ते म्हणाले, “कावळ्याला शूटिंग कळत नाही. तुम्ही बोललात, तो शिवला. आता माघार नाही.”

“आवो पर म्येलंय कोन?” दादा ओरडला.

“ते मला विचारू नका. मी पिंडापुरतं बघतो,” महाराज म्हणाले आणि चप्पल शोधायला लागले.

दादानं टोपी डोक्यावर घातली, चोळामोळा झालेली, आणि मागं न बघता निघून गेला. मी तिथंच पिंडाजवळ बसले. डायरेक्टर म्हणाला, ताई, भुताचे क्लोजअप राहिलेत. मी त्याला काय म्हटलं ते इथं लिहिण्यासारखं नाही.

त्यानंतर दिवाळीपर्यंतचे दिवस कसे गेले ते माझं मला माहीत. तो येणार नाही अशी मी मनाशी खूणगाठ बांधली होती, आणि रोज खोलीच्या दारातला केर दोनदा काढत होते. भाऊबीजेच्या सकाळी मी मुद्दाम कामावर गेले. कंपन्यांना सुट्ट्या होत्या, पण ज्या बंद ठेवता येत नाहीत त्यांची पोरं आली होती, रेल्वेचं तिकीट न मिळालेली, गावाकडं न गेलेली. पडदे ओढलेले, दिवे लावलेले, रात्र झालेली. मी गायला लागले, पोरं झोपायला लागली. आणि भाड्कन दार उघडलं, सगळं ऊन स्टेजवर.

“अरे दार लाव, मेल्या!”

दार काही लागलं नाही. दारात दादा उभा होता. मिशी निम्मी उगवलेली, कुणी उसनी दिल्यासारखी. त्यानं पडदे बघितले, दिवे बघितले, टेबलावर डोकं ठेवून झोपलेली पोरं बघितली, मिसळीच्या ताटल्या बघितल्या.

“ह्योच का त्यो नाइट क्लब?”

“होय, हाच.”

मालकानं पळत जाऊन त्याला खुर्ची दिली, मिसळ दिली. दादानं मिसळ खाल्ली, जास्तीचा पाव मागितला. मग कडेला झोपलेल्या एका पोराची मान अवघडली होती, ती त्यानं उचलून सरळ केली. “म्हन की, का थांबलीस?” मला म्हणाला. मी उरलेलं गाणं कसंबसं म्हटलं. आणि मग त्याच चमकीच्या साडीवर, त्याच्या मोटारसायकलवर मागं बसून मी राहूला निघाले. रस्त्याला तो एवढंच म्हणाला, “त्या महाराजानं समद्या तालुक्यात सांगितलंय. न्हाईतर आलो नसतो.”

घर तसंच होतं, फक्त गोठा नवा होता. वहिनी पाणी घेऊन बाहेर आली आणि मी वर बघितलं. गोठ्याच्या छपरावर माझं तोंड होतं. हसरं, हातात माइक, उन्हानं जरा पिवळं पडलेलं, कडेनं दगड ठेवलेले. चौकातून चोरीला गेलेला फ्लेक्स.

वहिनी हळूच म्हणाली, “ह्ये दौंडला बाजाराला गेलते, तितं बघितला. खांबावर चढून सोडवला बाई सोता. धुरळ्यात नको म्हनले. तवा वाटत हुतं ना, तुमी गेला म्हून.”

“पण वहिनी, खाली अक्षरं होती की. भावपूर्ण श्रद्धांजली.”

“ती व्हय? त्या शूटिंगवरनं आले ना, त्याच सांजच्याला इळा घेऊन बसले आन् तेवढीच कापली. चुलीत घातली. घरभर नुसती घान सुटली हुती जळल्याची, काय सांगू! जेवान गेलं न्हाई कुनाला.”

मी दादाकडं बघितलं. तो म्हशीला वैरण टाकत होता, पाठमोरा. तिकडं बघतच म्हणाला, “पावसात गळत हुतं, म्हून लावलाय.”